वातास सरांचा एप्रिल

पदवीचा निकाल लागला की जव्हारातली पाच-सहा पोरं-पोरी दरवर्षी माझ्या घरी पेढे घेऊन येतात. पेढे खाऊन झाले, की जरा घुटमळतात आणि मग विचारतात, "बाई, आता शिक्षक व्हायला काय करायचं?" मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण हा प्रश्न काही निवृत्त होत नाही. पूर्वी मी कागद-पेन घेऊन बी.एड.पासून सगळं लिहून द्यायचे. आता म्हणते, "ते लिहून देतेच. पण आधी बसा, तुम्हाला वातास सरांचं सांगते." पोरं मोबाइल पालथा ठेवून ऐकतात, म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी असावं त्यात.

लक्ष्मण वातास मला पहिल्यांदा दिसला तो पाठमोरा. माझी शाळा मोखाड्याच्या अलीकडे, घर जव्हारात. एसटीची वेळ आणि शाळेची वेळ यांचं कधी पटलं नाही, म्हणून मी वर्षानुवर्षं वडापच्या जीपनेच गेले. जीप सीट भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली की नाही हे फक्त ड्रायव्हरला कळतं. तोवर बाकीचे ड्रायव्हर टपरीवर चहा घेत, तंबाखू मळत. लक्ष्मण मात्र स्टिअरिंगमागे बसून आरशात बघत राहायचा. मला ते मुळीच आवडायचं नाही. मी पदर ओढून घ्यायचे आणि मनातल्या मनात त्याला चार शब्द सुनवायचे.

एके दिवशी माझ्या शेजारी आमच्याच शाळेतली नववीतली संगीता गुडघ्यावर वही ठेवून समीकरण सोडवत बसली होती. पुढून आवाज आला, "ताई, तिसऱ्या ओळीत उणे व्हतं, तू अधिक केलंस." त्याने मान वळवली नव्हती. आरशातून, उलटी अक्षरं वाचून, तो तिचं गणित तपासत होता.

मी विचारलं, "तुम्हाला काय कळतं त्यातलं?" शिक्षकाने कुणाला कधीही विचारू नये अशा आवाजात मी ते विचारलं होतं.

"थोडं कळतं, मॅडम. बी.एस्सी. हाय मी. गणित घेऊन."

जीपमधले सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले.

पुढच्याच आठवड्यात माझा तोरा उतरवायची सोय झाली. नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली आणि कागद मागितले. लक्ष्मणने पुढच्या कप्प्यातून प्लास्टिकची पिशवी काढून दिली. हवालदार एकेक कागद उलटत गेला आणि एका कागदाशी थांबला. विद्यापीठाची पदवी, प्रथम श्रेणी, विषय गणित.

"हे काय आहे?"

"कागद मागितले ना साहेब. होते नव्हते तेवढे सगळे दिले."

हवालदाराने ती पदवी दोन्ही हातांनी परत दिली आणि सलाम ठोकल्यासारखं काहीतरी केलं. त्या दिवसानंतर मी आरशाकडे बघून पदर ओढणं बंद केलं.

तो जामसरकडचा. त्याच्या पाड्यावरचा पहिला पदवीधर. जव्हारच्या कॉलेजात शिकला, निकाल लागला, आईने सगळ्या पाड्याला जेवण घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून लोक विचारू लागले की नोकरी कधी लागते. लक्ष्मण म्हणायचा, लागेल. त्याने वर्षभर वाट बघितली. कशाची, ते त्याने मला पुढे कधीतरी हसत हसत सांगितलं. "मला वाटलं, युनिव्हर्सिटीला पत्ता दिलाय घरचा. मास्तर पाहिजे असंल तवा पत्र येईल." पोस्टमन पाड्यावर यायचा नाही, म्हणून हा आठवड्यातून दोनदा पोस्टात जाऊन विचारून यायचा. पदवीच्या पुढे बी.एड. नावाची काही वस्तू असते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण? घरात कुणी त्या वाटेने गेलेलं नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्या आम्हा लोकांना वाटत होतं की हे तर सगळ्यांनाच माहीत असतं. वर्षाने मामाने जीप चालवायला दिली. त्या जीपवर त्याची नऊ वर्षं गेली.

मी त्याला सगळी वाट समजावून सांगितली ती जीप भरेपर्यंतच्या वेळात, तुकड्या-तुकड्यांनी, दोन आठवडे. आधी प्रवेश परीक्षा, मग दोन वर्षं बी.एड., मग पात्रता परीक्षा, मग भरती निघाली की अर्ज, मग यादी. तो एकेक ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढचं विचारायचा. शेवटी म्हणाला, "म्हंजे मॅडम, डिग्री हा जव्हारचा स्टँड झाला. गाडी इथून सुटते. मी नऊ वरसं स्टँडावरच बसलो." आवाजात तक्रार नव्हती. अंतर किती राहिलं ते त्याला हवं होतं, बाकी काही नाही.

त्याने जीप धाकट्या भावाकडे दिली आणि नाशिकला बी.एड.ला नाव घातलं. बायको सुमन अंगणवाडीत मदतनीस. तिने घर ओढायचं कबूल केलं, पण अट घालून. मी एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी त्यांना सांगलंय, वय जाईपर्यंत बघा. वय गेलं का गाडीवर या. मंग रडत बसायचं नाय." शिक्षक भरतीला वयाची अट असते. लक्ष्मण वाटेवर उशिरा लागला होता, त्यामुळे त्याच्या सगळ्या गोष्टींना ही अट चिकटून राहिली.

बी.एड.ला असताना सराव पाठांसाठी त्याने आमची शाळा मागून घेतली. सराव पाठ म्हणजे शिकाऊ शिक्षकाने खऱ्या वर्गात शिकवायचं आणि मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन बसतात. पहिल्या पाठाचा वर्ग आठवीचा होता. घंटा झाली. वर्गात निम्मी मुलं. निरीक्षकांनी घड्याळ बघितलं, मी खिडकीतून बघितलं, आणि लक्ष्मण दारात उभा. फळ्यावर तारीख लिहिलेली, हातात खडू, पण सुरुवात नाही. मग तो चक्क बाहेर गेला. हातपंपावरून चार मुली आणल्या, करवंदीच्या जाळीतून तीन मुलगे काढले, एकाला भिंतीवरून उतरवलं. बाकं भरली तेव्हा तासाची दहा-बारा मिनिटं गेली होती. मग त्याने फळ्यावर बोटांनी दोनदा ठोकलं आणि सुरू झाला. जीपचा क्लीनर गाडीच्या पत्र्यावर थाप मारतो ना, तसंच.

निरीक्षकांनी शेरा दिला, 'वेळेचे नियोजन अजिबात नाही.' मीही त्याला झापलं. म्हटलं, "अहो, ही शाळा आहे, वडाप नाही. घंटा झाली की सुटायचं."

तो खाली बघून म्हणाला, "अर्धी गाडी घेऊन निघायचं मला जमत नाय, मॅडम. ऱ्हायलेलं पोर उद्या काय करंल? त्याला आजचा भाग आलाच नाय ना."

यावर मी नुसता आवाज चढवला. तशी माझी सवयच होती.

बी.एड. झालं आणि आमच्याच शाळेत तो तासिकेवर लागला. तासिकेवरचा शिक्षक म्हणजे जितके तास शिकवेल तितक्याचा. जूनमध्ये बोलवायचं आणि एप्रिलअखेर कार्यमुक्तीचं पत्र हातात द्यायचं. पुढच्या जूनमध्ये जागा राहिली तर बोलावणं, नाही तर रामराम. आता त्याला 'ते' म्हणायला हवं, कारण ते सर झाले होते. पण आरशातला लक्ष्मण माझ्या जिभेवरून काही उतरला नाही, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

वर्ग भरायची त्याची खोड गेली नाही, उलट वाढली. दिवाळी झाली की आमच्या भागातली कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि मुलंही सोबत जातात. आम्ही पटावर 'गैरहजर' लिहायचो आणि हळहळायचो. लक्ष्मणने हळहळ बाजूला ठेवली. सगळ्या जीपवाल्यांना त्याने सांगून ठेवलं होतं, की गाठोड्यांबरोबर आठवी ते दहावीचं पोर बसलं तर मला फोन करायचा. एकदा मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी असा फोन आला. मधली सुट्टी होती. मला म्हणाला, "मॅडम, चला, बाईमाणूस बरोबर बरं." आम्ही स्टँडवर पोचलो तर नववीतली मंगल जीपमध्ये, मांडीवर धाकटा भाऊ. बाप पुढे बसलेला.

मला वाटलं लक्ष्मण शिक्षणाचं महत्त्व सांगेल. मी स्वतः तेच सांगायला तोंड उघडलं होतं. त्याने मला हळूच थांबवलं आणि बापाला विचारलं, "काका, हिला भट्टीवर काय काम?"

"काय काम? पोर सांभाळंल. आमी दोघां कामावर गेलू का बारक्याला कोन बघंल?"

"बारका म्हातारीजवळ ऱ्हायला तर?"

"म्हातारीला दिसत नाय बेस."

"मंगल सांजची येईल ना शाळेतून. दिवसाचं आमची सुमन अंगणवाडीत बघंल बारक्याला. मंग?"

बापाने मागे वळून बारक्याकडे बघितलं. मागून लोक ओरडायला लागले, गाडी सोडा. पण तो ड्रायव्हर लक्ष्मणचा जुना सोबती होता, आणि गाडी भरली की नाही हे फक्त ड्रायव्हरला कळतं. शेवटी बापाने मंगलचं गाठोडं टपावरून खाली घेतलं. सुमनला हे सगळं संध्याकाळी कळलं. ती नवऱ्याला काय बोलली ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी बारका तिच्या अंगणवाडीत होता.

असा हा माणूस, आणि त्याला दर एप्रिलला मीच पत्र द्यायचे. शेवटची काही वर्षं प्रभारी मुख्याध्यापिका होते ना मी. तो पत्र घ्यायचा, घडी घालून खिशात ठेवायचा, वर्गातल्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवायचा आणि "येतो" म्हणायचा. "जातो" कधी म्हणाला नाही. मग मे महिनाभर भावाच्या जीपवर. सुट्टीतही कार्यालयाच्या कामाला जाताना मी त्याच जीपमध्ये बसायचे आणि आरशात बघायचं टाळायचे. चार एप्रिल मी असे काढले. त्यांतला एकही मला सोपा गेला नाही.

पात्रता परीक्षेत तो दोनदा थोडक्यात राहिला. गणितात नव्हे. बालमानसशास्त्रात. मुलांना जीपमधून उतरवून आणणारा माणूस बालमानसशास्त्रात नापास, हे ऐकून मी स्टाफरूममध्ये इतकी चिडले की शिपायाने चहा आणायचं पुढे ढकललं. तिसऱ्या खेपेला तो पास झाला. आणि भरती निघाली तेव्हा त्याचं वय अटीच्या अगदी काठावर होतं. ही भरती गेली की पुढची त्याच्यासाठी नव्हती. त्यातच त्या जूनमध्ये आमच्याकडे दुसऱ्या शाळेतून कायम शिक्षक पाठवले गेले आणि लक्ष्मणच्या तासिका संपल्या. त्या वर्षी बोलावणं नव्हतंच.

लावणीच्या ऐन दिवसांत मोखाडा तालुक्यातल्या एका संस्थेच्या शाळेतून मुलाखतीचं पत्र आलं. गणिताची एकच जागा, उमेदवार तिघं, आणि प्रत्येकाने संस्थेच्या लोकांसमोर वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा. लक्ष्मण म्हणाला, "मॅडम, तुम्ही नुसत्या बाहेर बसा." मी गेले. जाताना वाटभर त्याला बजावत होते. घड्याळ बघायचं, कुणाची वाट बघायची नाही, बाहेर जायचं नाही, कुणाला भिंतीवरून उतरवायचं नाही. तो हो म्हणत होता.

शाळेच्या ओसरीवर, खिडकीला लागून मला खुर्ची मिळाली. सातवीचा वर्ग, विषय गुणोत्तर. पटावर छत्तीस मुलं, समोर बारा. बाकीची आई-बापांबरोबर चिखलात भात लावत होती. पहिल्या दोन उमेदवारांनी त्या बारा जणांना नीटनेटका पाठ दिला. लक्ष्मणची पाळी आली. त्याने रिकाम्या बाकांकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. मी खुर्चीची कड घट्ट धरली. तो बाहेर गेला नाही. त्याने मुलांना विचारलं, "आज कोन कोन नाय आलं? नावं सांगा."

मुलांनी ओरडून नावं सांगितली, त्याने सगळी फळ्यावर लिहिली. चोवीस नावं. खाली लिहिलं, हजर बारा, गैरहजर चोवीस. "आता यांचं गुणोत्तर काढा."

शाळेच्या हजेरीची अवस्था खुद्द संस्थेच्या मंडळींसमोर ठळक अक्षरांत फळ्यावर उभी राहिली. मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावरचा रंग मला बाहेरून दिसला. लक्ष्मण आपल्याच नादात होता. एकास दोन उत्तर आलं तसं तो म्हणाला, "म्हंजे इथल्या एकाला बाहेरचे दोन. आता ज्याने त्याने दोन नावं घ्या, आपल्या पाड्यातली. आज सांजला हे गणित त्यांना शिकवायचं. तुम्हाला जमलं पाहिजे, तर आधी नीट समजून घ्या." आणि मग त्याने पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. मुलं अशी ऐकत होती की जणू त्यांनाच उद्या मुलाखत द्यायची होती.

कोपऱ्यात संस्थेचे एक म्हातारे सदस्य बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "यातली किती नावं तुमच्या ओळखीची?"

"एकही नाय, सर. आजच ऐकली."

बाहेर आल्यावर मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. हजेरीचा आकडा लिहायची काय गरज होती, आंबे मोजायचे, पेरू मोजायचे, जगात मोजायला दुसरं काही नव्हतं का. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मी बाहेर नाय गेलो, मॅडम. तुम्ही सांगलं व्हतं." मी जीपकडे वळले. मला वाटत होतं संपलं सगळं, आणि माझी खात्री होती की त्यालाही तेच वाटतंय.

यादी लागली ती तीन आठवड्यांनी. फोन त्याने केला नाही, सुमनने केला. तिला नीट बोलताच येत नव्हतं, नुसतं "बाय, झालं. बाय, झालं," चाललेलं. मी स्वयंपाकघरात उभी होते. तिथल्या तिथे खाली बसले आणि गॅसवरचं दूध उतू गेलं तरी उठले नाही. इतकी मोकळी मी माझ्या स्वतःच्या नोकरीच्या वेळीसुद्धा झाले नव्हते. त्याची निवड कशावर झाली ते मला आजही माहीत नाही. कुणी म्हणालं गुण जास्त होते, कुणी म्हणालं ते म्हातारे सदस्य अडून बसले. मी काही विचारायला गेले नाही.

ऑगस्टमध्ये तो रुजू झाला त्या दिवशी मी सोबत गेले, आणि त्याची आईही आली होती. लावणी उरकून आलेली, पायांच्या बोटांत अजून चिखलाच्या भेगा. ओसरीवर खांबाला टेकून बसली. मुख्याध्यापक चांगले गृहस्थ, फळ्यावरचं सगळं विसरले होते किंवा तसं दाखवत होते. त्यांनी लक्ष्मणच्या सह्या घेतल्या आणि त्याला सातवीच्या वर्गावर पाठवलं. मग बाहेर येऊन म्हातारीला समजावू लागले. आधी तीन वर्षं शिक्षणसेवक, मग कायम, मग अमुक भत्ता, तमुक श्रेणी. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "एप्रिलात धाडाल का याला घरां?"

मुख्याध्यापकांना प्रश्न कळला नाही. म्हणाले, "सुट्टीत येतील ना घरी, जरूर येतील."

म्हातारीचा चेहरा पडला. ती माझ्याकडे वळली. मला ती मुलाच्या नोकरीची मालकीणच समजत असावी, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं, कारण चार पत्रांवर माझीच सही होती. "बाय, तू सांग. माझ्या पोसाला धाडतील का परत?"

"नाही आजी," मी म्हणाले. "आता नाही धाडणार."

"कवाच?"

"म्हातारा होईपर्यंत नाही."

ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "मंग बेस," म्हणाली, आणि तिथेच, ओसरीवर, गाठोडं उशाला घेऊन आडवी झाली. मुख्याध्यापक म्हणाले, अहो, आत खुर्ची आहे, पंखा आहे. मी त्यांना खुणेनेच राहू द्या म्हटलं. ती केव्हाच झोपली होती, तोंड उघडं टाकून, गाढ. वर्गातून तिच्या मुलाचा आवाज येत होता आणि तिच्या पापणीलासुद्धा तो कळत नव्हता.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं दारातून उसळणार, एवढ्यात वातास सर पुढे आले. ओसरीवर बघितलं आणि दारात आडवा हात धरला. वर्ग थांबला. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, वाकून पायांतल्या चपला काढून हातात घेतल्या आणि बाजूला झाले. मग एकामागून एक सगळी सातवी, चपला हातात घेऊन, चवड्यांवर, त्या झोपलेल्या म्हातारीपुढून अंगणात उतरली.